बाचीच्या अलीकडे की पलीकडे

(दृश्य : उजाडायच्या आधीचा रस्ता. उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही.)

बेळगावहून वेंगुर्ल्याला निघालेला रस्ता हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाचीला येतो. बाची कर्नाटकात. त्याला लागून शिनोळी, ते महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. भात तेच, ऊस तोच, बोलणंही तेच. बदलतात ते दुकानांवरचे फलक आणि पोलीस ठाणं.

या रस्त्यावर भाजीचा पिकअप चालवणाऱ्या एका तरुणाची आणि त्याच्या मित्राची ही हकिकत. दोघांची नावं सांगणार नाही, गावाचंही नाही. एकाच शाळेतले, एकाच तालमीतले, गणपतीला एकाच मंडळात राबणारे. मित्र बेळगावात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो.

(दृश्य : गॅरेज. शटर अर्धं उघडं.)

सावंतवाडीला माल उतरवून पहाटे परतलेला पिकअप थेट गॅरेजच्या दारात आला. डाव्या हेडलाइटची काच गेलेली. बंपर आत दबलेला. बॉनेटच्या कडेला हिरव्या रंगाचा एक ओरखडा, बोटभर लांब. डेंटिंगवाल्याला असला ओरखडा कशाचा ते विचारावं लागत नाही. सायकलच्या मडगार्डचा रंग होता तो.

‘सायकलवाल्याला ठोकलो गा मी. थांबलो नाही. दुपारपर्यंत काच बसव, रंग मार. कुणाला सांगू नको.’

कुठे ठोकलास, असं विचारलं तर त्याला धड सांगता येईना. बाचीच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही. दुपारपर्यंत गावात बातमी आली. सायकलवाला शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतला रात्रपाळीचा कामगार होता. वारला. कुठल्या गाडीनं उडवलं, कुणाला माहीत नाही.

आता मित्रानं काय करायचं?

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण त्याबद्दल आपल्याकडे सांगोवांगीच फार. कुठलाही गुन्हा कानावर आला की पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं नाही. खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा ठरावीक गुन्ह्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 33 मध्ये आहे. त्यातलं काही कळलं आणि सबळ कारणाशिवाय गप्प बसलात, तर तो तुमचाही गुन्हा. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी तर पोक्सोच्या कलम 19 मध्ये बंधन वेगळं आणि स्पष्ट लिहिलं आहे. पण हयगयीनं झालेला मृत्यू, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेचं कलम 106, कलम 33 च्या यादीत नाही.

म्हणजे या मित्रावर कळवायची सक्ती नव्हती. सक्ती असती तर सोपं होतं, ‘माझा नाइलाज’ म्हणता आलं असतं. इथे जे ठरवायचं ते त्याचं त्यालाच.

एक गोष्ट मात्र त्याच्या मर्जीवर नव्हती. तो हिरवा ओरखडा पॉलिश करून घालवला असता, तर तो पुरावा नष्ट करणारा ठरला असता. न्याय संहितेचं कलम 238. मागणी ‘गप्प बस’ एवढीच नव्हती, ‘हात लाव’ अशी होती, आणि बहुतेक मित्र अडकतात ते इथे. त्यानं पान्याला हात लावला नाही. गाडी आत घेतली, शटर ओढलं आणि म्हणाला, ‘तू स्वतः जा. मी येतो संगट. उद्या सकाळपर्यंत गेला नाहीस तर मी जाणार.’

पोराला जायला भीती कसली होती? दहा वर्षांची. 2024 च्या जानेवारीत ट्रकवाल्यांचा संप झाला, तेव्हापासून ‘पळून गेला तर दहा वर्षं’ हा मेसेज प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाइलवर आहे. ते पोटकलम, 106 चं दुसरं, 1 जुलै 2024 ला बाकीचा कायदा लागू झाला तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. राहिलं पहिलं पोटकलम. त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र. दुसरी भीती जमावाची, आणि ती खोटी नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 जमावाच्या क्षोभाचा उल्लेख करून तेवढी सवलत देतं. पण जखमीला तिथे थांबून मदत करणं शक्य नसलं, तरी चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचंच, असंही तेच कलम सांगतं.

(दृश्य : देवळाचा कट्टा. पंच बसलेले.)

संध्याकाळपर्यंत गोष्ट पंचांकडे गेली. गावात असली गोष्ट पंचांकडे जातेच. तोडगा निघाला : त्या घरी गुपचूप पन्नास हजार पोचवायचे आणि विषय संपवायचा. एक जण म्हणाला, ‘आपला पोरगा आपल्याच हातानं त्यांच्या ठाण्यात द्यायचा? कागद कन्नडात करतील, सही कशावर केलो ते कळणार नाही.’

या बोलण्याला सीमाभागातल्या कितीएक वर्षांच्या अनुभवाची धार आहे. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण मेलेला माणूस शिनोळीचा, घरात मराठीच बोलणारा. त्याच्या बायकोनं कुणाला ‘आपलं’ म्हणायचं? शिवाय हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्यांतला नाही, पंच काहीही म्हणोत.

आणि पन्नास हजारांचं गणित तर कुणी मांडलंच नव्हतं. ते आपण मांडू.

(दृश्य : वहीच्या पानावर आकडेमोड.)

गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृताच्या घरच्यांना 2 लाख मिळतात. गाडी सापडली, तिचा विमा चालू असला, तर दावा अपघात न्यायाधिकरणापुढे जातो. समजा वय 34, पगार महिना 15 हजार, मागे आई, बायको, दोन मुलं. वर्षाचा पगार 1 लाख 80 हजार. पुढे वाढला असता म्हणून त्यात 40 टक्के भर, झाले 2 लाख 52 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले 1 लाख 89 हजार. या वयाला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, 16. एकूण 30 लाख 24 हजार. सर्वोच्च न्यायालयानं 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेली ही रीत आहे. पैसे विमा कंपनी देते, पोराच्या बापाला शेत विकावं लागत नाही.

मैत्रीखातर गप्प बसायचं, तर त्याची किंमत ही. ती भरणार शिनोळीतलं घर. माझ्या मते मित्रानं रात्रभराची मुदत दिली तीच जास्त होती.

सकाळी दोघं गेले, सोबत पोराचा मामा आणि एक वकील. हद्द कुणाची हा प्रश्न आडवा येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात खबर देता येते, मग कागद त्या हद्दीच्या ठाण्याकडे जातात. लिहिलेली खबर वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलानं ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगितला, मगच सही झाली. गाडी जप्त झाली, ओरखड्यासकट.

मित्राचा जबाब झाला. तो आता साक्षीदार. मित्रापाशी दिलेली कबुली कोर्टात चालते, पण एकटी असली तर कच्ची धरतात. म्हणून तर ती काच, तो रंग महत्त्वाचा. यंदा मंडळाची वर्गणी मागायला त्याच्या दारात कुणी आलं नाही. पंचांपैकी दोघांनी गॅरेज बदललं.

पिकअपवाला त्याच दिवशी जामिनावर घरी आला. शिनोळीच्या घरचा दावा दाखल झाला आहे. गावातल्या ग्रुपवर दहा वर्षांचा तो मेसेज परवा पुन्हा आला, खाली तीन जणांनी हात जोडले होते.