रोन्डोनियाच्या कुरणाखाली

नमस्कार, श्रोतेहो. ब्राझीलच्या पश्चिमेला, बोलिव्हियाच्या सीमेला लागून रोन्डोनिया नावाचं राज्य आहे. अॅमेझॉनच्या जंगलाचाच हा भाग. १९८४ च्या सुमारास तिथला बीआर-३६४ हा महामार्ग डांबरी झाला. मग त्याला काटकोनात फाटे फुटत गेले आणि फाट्यांच्या दुतर्फा झाडं पडत गेली. तिथे आज मैलोन्‌मैल गुरं चरतात.

जंगलाचं कुरण करायची तिथली रीत साधी आहे. पाऊस ओसरला की झाडं तोडायची, वाळू द्यायची, पेटवायची आणि राखेत गवताचं बी फेकायचं. गवतही तिथलं नाही, आफ्रिकेतून आलेलं ब्राक्यारिया. आपल्याकडे गोठ्यांत घातलं जाणारं पॅरा गवत त्याचंच भाईबंद.

खरा फेरफार करते ती राख. कोकणात राब भाजणाऱ्यांना तिची ताकद ठाऊक आहे. वर्षानुवर्षांच्या पावसानं अॅमेझॉनच्या मातीतला चुना, पालाश धुऊन नेलेला असतो. माती आंबट, तिचा सामू, म्हणजे पीएच, बऱ्याच ठिकाणी चारच्या आसपास. सगळी पुंजी झाडांच्या अंगात. झाडं जळाली की ती एकदम जमिनीवर येते आणि सामू चढतो. सामूचा एक अंक वाढला म्हणजे आम्लता दहापट घटली. मातीतल्या जिवाणूंना दुसरा कुठलाही बदल एवढा झोंबत नसेल.

मग जिवाणू मेले का? इथेच गंमत आहे. याच राज्यातल्या नोव्हा विदा नावाच्या गुरांच्या फार्मवर ब्राझील आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जंगलातली आणि कुरणातली माती तपासली. सेंटिमीटरच्या अंतरापासून किलोमीटरच्या अंतरापर्यंत नमुने घेतले, त्यातल्या डीएनएवरून जिवाणू ओळखले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. कुरणातल्या मातीच्या एकेका नमुन्यात जंगलापेक्षा जास्त प्रकारचे जिवाणू निघाले!

कुरणवाल्यांनी खूश व्हावं असाच हा आकडा. पण नमुने एकमेकांशी ताडून पाहिले तेव्हा चित्र पालटलं. जंगलात थोडं पुढे सरकलं की जिवाणूंची मंडळी बदलते. कुरणात मात्र कुठेही खणा, बहुतेक तेच ते चेहरे. शहरातल्या मॉलसारखं समजा: एकेका मॉलमध्ये दुकानं आठवडी बाजारापेक्षा जास्त, पण दहा मॉल फिरलात तरी दुकानं तीच. जे जिवाणू जंगलाच्या एखाद्याच कोपऱ्यात राहत होते ते गेले, कुठेही तगणारे पसरले. सगळा हिशेब मांडला तर विविधता घटलेलीच. म्हणून कोणी एका खड्ड्यातल्या मातीवरून ‘जमीन उलट समृद्ध झाली’ म्हणालं, तर दुसरा खड्डा कुठे खणला होता ते जरूर विचारा.

आता या जिवाणूंच्या कामाबद्दल. निचऱ्याच्या जंगली जमिनीत मिथेन खाणारे जिवाणू असतात. ते हवेतला मिथेन शोषून घेतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. कुरणात खुरांखाली माती दबते, हवेच्या पोकळ्या मिटतात. मिथेन खाणारे मागे पडतात, बिनहवेच्या जागी मिथेन तयार करणाऱ्यांचं फावतं. रोन्डोनियातल्या मोजमापांत जंगलाची माती वर्षाकाठी मिथेन घेणारी, तर कुरणाची सोडणारी निघाली. गुरांच्या ढेकरांमधल्या मिथेनबद्दल आपण खूप ऐकतो. त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

सोडून दिलेल्या कुरणावर रान पुन्हा वाढतं तेव्हा मातीतली जिवाणूंची कामं बऱ्याच अंशी मूळ जंगलाकडे झुकताना दिसली आहेत. एका कोपऱ्यापुरत्या जिवाणूंचं काय? ते परत यायचे तर कुठून तरी यायला हवेत. म्हणून कुरणाला लागून मूळ जंगलाचा तुकडा शिल्लक आहे की नाही, यावर माझ्या मते बरंच अवलंबून राहील. नमस्कार.