दिवाळीनंतर अंडी जातात कुठे?

(महिला बचत गटाच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आल्या आल्या एका मावशींनी मला गाठलं. ‘खाद्य तेच, पाणी तेच, मग दिवाळी सरली की कोंबड्या अंडी का चोरतात?’ चोरतात! माझ्या परसात नऊ कोंबड्या आहेत, त्यामुळे हा आरोप मीही करून झालोय. आज त्यांची बाजू मांडतो.

पहिला संशयित उजेड. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम ११. भरात अंडी द्यायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. आणि तो ती नुसत्या डोळ्यांनी मोजत नाही. कवटीतून झिरपलेला उजेड मेंदूतल्या पेशी थेट टिपतात. दिवस आखडला की अंडाशयाला मिळणारा इशारा मंदावतो. त्यात कुणाची पिसं झडत असतात. नवी पिसं म्हणजे बहुतेक प्रथिनंच, मग अंड्याला उरणार काय? मोठ्या शेडमध्ये बल्ब लावतात. मी लावत नाही. वर्षाला ५०-६० अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीकडून थंडीतली विश्रांती काढून घ्यावी, असं मला वाटत नाही.

रोज एक अंडं ही अपेक्षाही सोडा. एक अंडं तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात, त्यातले २० नुसत्या कवचाचे. त्यामुळे वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि दुपार कलायला लागली की एका दिवसाचा खाडा पडतो. कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. ते बरंचसं रात्री जमतं, आणि पोटात नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवा. संध्याकाळी कोण कोण तिकडे वळतं ते बघा. हिशेब त्यांना कळतो.

आता गमतीचा भाग. थोर्लीफ श्येल्देरुप-एब्बे नावाचा नॉर्वेचा एक मुलगा लहानपणापासून कोंबड्यांच्या टोचाटोचीच्या नोंदी ठेवायचा. कोण कुणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूला होते, एवढंच. त्यातूनच १९२१ साली त्याने मांडलं की कळपात वरपासून खालपर्यंत पायऱ्या ठरलेल्या असतात. माझ्याकडे शेंडी वरची आणि काळी सगळ्यात खालची. मध्यंतरी काळीचं अंडंच मिळेना. मी खाद्य बदललं, जंताचं औषध पाजलं, बायकोची बोलणी खाल्ली. शेवटी एक सकाळ ओट्यावर बसून काढली. खाद्याचं भांडं एकच, त्यावर शेंडी उभी. काळी जवळ आली की टोच. अंड्याच्या टोपल्या तीन, पण सगळ्यांना हवी ती कोपऱ्यातली अंधारीच. काळी दोनदा फिरून आली आणि गुपचूप वैरणीच्या गंजीमागे गेली. तिथे बारा अंडी निघाली! पाण्यात टाकली, सात तरंगली.

त्या दिवसापासून भांडी दोन, तीही एकमेकांपासून लांब. दुसऱ्या टोपलीवर गोणपाट टाकून अंधार केला आणि आत एक पांढरा गुळगुळीत गोटा ठेवला. आधीच अंडं दिसलं की कोंबडीला ती जागा भरवशाची वाटते. आपल्या आज्या सगळी अंडी न उचलता एक मागे ठेवायच्या, ते उगीच नव्हे. आणि बाजारातून नवी कोंबडी आणून एकदम कळपात सोडू नका. सगळ्या पायऱ्या पुन्हा ठरतात, रक्त निघतं आणि अंडी काही दिवस बंद पडतात.

खुडूक झालेल्या, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिलेल्या कोंबडीचा मात्र छळ करू नका. नाकपुडीत पीस खोवतात, पाण्यात बुचकळतात, मला ते बघवत नाही. तिच्या अंगात संप्रेरकच तसं वाढलेलं असतं. पिल्लं हवी असतील तर खाली अंडी ठेवा आणि २१ दिवस वाट बघा. नको असतील तर जाळीच्या तळाच्या, उंचावर ठेवलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी द्या, गवत मात्र नको. पोटाला खालून वारा लागला की बहुतेक वेळा ती भानावर येते.

मागून प्रश्न आलाय, ‘कोंबडा विकू का? नुसता खातो.’ अंड्यांसाठी तो लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. पण विकण्याआधी एक ऐका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. जपानच्या नागोया विद्यापीठात २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, म्हणजे झाकलेच म्हणा. तरी आरवण्याची वेळ त्यांनी चुकवली नाही, घड्याळ त्यांच्या आतच असतं. दोन वर्षांनी तिथल्याच संशोधकांना आढळलं की पहिली बांग वरच्या पायरीवरचा कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून. तुमच्याकडे दोन असतील, तर उद्या पहाटे अंथरुणातूनच कान द्या. दुसरा आरवेल, त्याला विका.