खांद्यावरची नजर

[दृश्य: पहाट, खो-खोचं मैदान]

धाराशिव. सकाळचे सहा. रात्री पाणी मारल्यामुळे माती अजून ओलसर आहे, पावलांचे ठसे उमटतात. आठ मुली चौकोनांत बसल्यात, एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. नववी पाठलागावर. आणि खांबाला हात लावून उभी असलेली ती लाल रिबिनवाली, तिच्याकडे बघत राहा.

[तेच दृश्य, संथ गतीत]

पाठलाग करणारी अजून वळलेली नाही. पण हिची टाच आधीच उचलली गेलीय. कॅमेरा संथ केला नसता तर आम्हालाही हे दिसलं नसतं.

डोळ्यांत शिरलेला प्रकाश मागच्या पडद्यावर पडतो, तिथल्या पेशी त्याचा विद्युत संदेश करतात. तो थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागातून डोक्याच्या पार मागे, दृष्टिकेंद्रात पोचतो. तिथून दोन वाटा फुटतात. खालची वाट सांगते, समोर कोण आहे. वरची वाट सांगते, ती कुठे चाललीय आणि आपलं पाऊल कुठे पडायला हवं. मग हालचालीचं केंद्र, पाठीचा कणा, पोटरी. या सगळ्याला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. सेकंदाला पाच मीटर धावणारी मुलगी तेवढ्यात मीटरभर पुढे आलेली असते. बघून मग पळायचं म्हटलं, तर गडी बाद.

दिवा लागला की बटण दाबायचं, अशी साधी चाचणी घेतली तर तयार खेळाडू तुमच्याआमच्यापेक्षा फार पुढे नसतो. फरक दुसरीकडे आहे.

[जवळून: पाठलाग करणारीचा खांदा]

हा खांदा बघा. खो-खोत खांद्याची रेष ज्या बाजूला वळली, ती दिशा पक्की; मग मागे फिरता येत नाही. लाल रिबिनवाली पावलांकडे बघतच नाही. तिची नजर पाठलाग करणारीच्या छातीपाशी स्थिर आहे. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढंच, बाकीचं ती डोळ्यांच्या कडेनं टिपते. नजर उड्या मारत राहिली, तर त्या उड्यांच्या क्षणी मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो. तेवढा वेळ तिला परवडत नाही.

खांदा किंचित कलला की पुढे काय होणार, हे लहान मेंदू आधीच मांडून ठेवतो. अंदाज चुकला तर पुढच्या वेळी दुरुस्त करतो. इथे बसलेली प्रत्येक हुलकावणी म्हणजे तिथली एक दुरुस्ती. हे काम चौथी-पाचवीपासून, रोज, याच मातीवर चाललंय. मॅटवर खेळ गेला याचा आनंद आहेच; पण ही नजर इथे तयार झाली, हे ठामपणे सांगायला हवं.

[दृश्य: बसलेली मुलगी झेपावते]

आणि ही पाठमोरी? हिला डोळ्यांची वाट बघावीच लागत नाही. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’! आवाजावरची हालचाल दिसण्यावरच्या हालचालीपेक्षा थोडी लवकर होते.

याच जिल्ह्याच्या सारिका काळे 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या. 2020मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. इथल्या दोघी यंदा बारावीला आहेत, पुढचं मैदान अजून ठरलेलं नाही.

[दृश्य: पुन्हा खांब]

आता पाठलाग करणारी डावा खांदा मुद्दाम हलवते, वळत मात्र नाही. लाल रिबीन जागची हलत नाही.