उघडी बॉनेटं : ॲबिंग्डनजवळच्या मैदानावर एमजी मालकांचा रविवार

[दृश्य : पहाट. दवानं ओलं गवत. हिरवी रोडस्टर फाटकातून आत वळते, थांबते. इंजिन बंद. मग किल्ली पुन्हा फिरते.]

आधी आवाज ऐका. इंजिन अजून सुरू झालेलं नाही, पण गाडीच्या मागच्या अंगाला टिक-टिक-टिक चाललंय. हा एसयू या ब्रिटिश कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की टिकटिक आपोआप थांबते. ती थांबलीच नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीच्या एखाद्या सांध्यातून हवा ओढली जातेय. आणि सुरूच झाली नाही, तर बहुतेक वेळा पंपातले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, चिकटलेले असतात. मग मालक मागच्या चाकाशी वाकतो, पान्याच्या दांड्यानं पंपाला हलकी टपली मारतो आणि पंप चालू होतो. टपलीनं घरापर्यंत पोचता येतं, पण पॉइंट साफ करावेच लागतात.

या गाडीचं नाव एमजीबी.

[दृश्य : एकामागून एक गाड्या. लाल, पांढऱ्या, गडद हिरव्या. रेडिएटरच्या जाळीवर अष्टकोनी चिन्ह, जवळून.]

हे अष्टकोनी चिन्ह पुण्या-मुंबईत सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण तिथे ते उंच एसयूव्हीवर दिसतं. ते नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे आणि भारतातल्या त्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. या मैदानावरच्या गाड्या मात्र इथूनच, थेम्सकाठच्या ॲबिंग्डन गावातून निघालेल्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिस यांचं ऑक्सफर्डमधलं विक्री आणि दुरुस्तीचं गॅरेज. १९२२ मध्ये सेसिल किंबर तिथले व्यवस्थापक झाले आणि मॉरिसच्या साध्या चॅसीवर देखण्या, चपळ बॉडी चढवू लागले. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला आला, कातडं कमावण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मालकांनी एमजी कार क्लब काढला. एमजीबी बाजारात आली १९६२ मध्ये. १९८० पर्यंत रोडस्टर, म्हणजे उघडी गाडी, आणि जीटी, म्हणजे पक्क्या छपराची, मिळून ५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

[दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र. कारखान्याचं फाटक. सहा सेकंद. निवेदन नाही.]

[दृश्य : ओळीनं उघडलेली बॉनेटं. एका इंजिनावर वाकलेल्या चार पाठी.]

मेळाव्याला आलेल्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या करायच्या, असा इथला प्रघात आहे. बॉनेट उघडलं की शेजारचा डोकावतो आणि दोन प्रश्न विचारतो, आणि अर्ध्या तासात कुणाच्या तरी हातात पाना येतो. आपण इथे आलो आहोत ते हे पाहायला.

इंजिन नीट बघा. १७९८ सीसी, चार सिलिंडर, सगळं बीड. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, तिच्या बी-सिरीजमधलं हे इंजिन. आपली ॲम्बॅसेडर आठवा. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, याचा थोरला भाऊ म्हणा. ज्या मिस्त्रीनं दादरच्या किंवा कोल्हापूरच्या गॅरेजात ॲम्बॅसेडरचे टॅपेट लावलेत, त्याला या मैदानावर कुणी काही शिकवायची गरज नाही. व्हॉल्व्ह दाबणारा तोच रॉकर, तोच स्क्रू आणि लॉकनट, फट मोजायचं तेच फिलर गेज.

[दृश्य : रॉकर कव्हर उतरवलेलं. फिलर गेजची पातळ पट्टी. हात.]

टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली, थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. कुठला व्हॉल्व्ह कधी लावायचा, याचा इथे नऊचा हिशेब चालतो. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे. फट जास्त राहिली तर टॅपेट वाजतात, आणि ते ऐकू तरी येतं. कमी राहिली तर आवाज येत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. म्हणून थोडे वाजणारे टॅपेट बरे, असं इथले जुने लोक सांगतात.

[दृश्य : जोड कार्बोरेटर. एअर फिल्टर काढलेले. एक जण रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाला लावतो.]

आता मेळाव्यातलं सगळ्यात कसबाचं काम. एमजीबीला एसयूचे दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी यंत्रं मिळतात, पण हातभर रबरी नळी पुरते. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवायचं. दोन कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करायचे, म्हणजे दोघे वेगळे होतात. मग नळीनं एकाचा सुस्कारा ऐकायचा, दुसऱ्याचा ऐकायचा. जो मोठा ओढतो त्याचा आयडलिंग स्क्रू किंचित मागे, दुसऱ्याचा किंचित पुढे. दोन्ही सुस्कारे एका पट्टीत आले की क्लॅम्प घट्ट करायचे. गाडी झटके खाते तेव्हा बरेच जण आधी पेट्रोलच्या मिश्रणाला हात घालतात आणि तिथेच चुकतात. आधी हवा, मग पेट्रोल. हा क्रम उलटा केला तर दिवसभर स्क्रू फिरवत बसावं लागतं.

मिश्रणासाठी, पेट्रोल सोडणाऱ्या जेटखाली एक षट्कोनी नट असतो. जेट वरच्या पुलाच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या गळ्यातल्या उंचवट्याच्या, पातळीत आणायचा, तिथून नट दोन पूर्ण फेरे खाली. सुरुवात इथून. नट खाली नेला की पेट्रोल वाढतं, वर नेला की कमी होतं. आणि एका वेळी एकच बाजू, षट्कोनाची एक कड. त्यानंतरची परीक्षा कार्बोरेटरच्या कडेला असलेल्या छोट्या पिननं घ्यायची. ती पिन दाबून आतला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा आणि कान द्यायचा.

[ध्वनी : इंजिन. क्षणभर वेग वाढतो, पुन्हा पूर्ववत होतो.]

असा आवाज हवा. वेग क्षणभर वाढला आणि जागेवर आला, तर मिश्रण बरोबर. वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं, तर हवा जास्त.

[दृश्य : कार्बोरेटरच्या माथ्यावरची टोपी फिरवून काढतात. आतली दांडी तेलानं ओली.]

आणि ही टोपी. पुष्कळांना ती उघडायची असते हेच माहीत नसतं. आत तेल लागतं, पिस्टनच्या पोकळ दांडीच्या वर साधारण अर्धा इंच. तेल संपलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन एकदम वर उडतो, हवा भसकन आत जाते आणि गाडी अडखळते. मालक कॉइल बदलतो, प्लग बदलतो, पैसे घालवतो. दोष चमचाभर तेलाचा असतो.

[दृश्य : तारांच्या चाकांची रांग. एक हात पान्यानं एकेका स्पोकवर टिचकी मारत जातो. टिंग, टिंग, टिंग, ठक्.]

ऐकलंत? तो ठक् म्हणजे सैल स्पोक. सायकलच्या दुकानात चाकाचा आउट काढतात तेच शास्त्र, फक्त इथे चाकावर टनभर गाडी आहे. एका चाकात ६० स्पोक. ते रिममधून आरपार येतात म्हणून टायरमध्ये ट्यूब लागतेच.

हे चाक बोल्टवर बसत नाही. चाक ज्यावर चढतं त्या मधल्या हबवर दातेरी खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. चाक त्यांत सरकतं आणि मधोमध एकच मोठा पंखवाला नट हातोड्यानं ठोकून आवळतात. हातोडा तांब्याचा किंवा शिशाचा, लोखंडी कधीच नाही, क्रोम उडतो. डाव्या बाजूच्या नटाचे आटे सरळ, उजव्या बाजूचे उलटे. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेनं ठोकला तर नट सुटतो, पण अशा जोडणीमुळे चालत्या गाडीत तो आवळत राहतो. दुरुस्तीत हबची अदलाबदल झाली, डावा हब उजवीकडे गेला, तर तोच नट प्रत्येक मैलाला सैल होत जातो. चाक निघून जातं. म्हणून जुनी गाडी घेताना नटावरचा बाण आणि ‘अनडू’, म्हणजे ‘सोडा’, हा शब्द कुठल्या दिशेला आहे, ते दोन्ही बाजूंना बघायचं.

स्प्लाइनची झीज बघणं सोपं आहे. चाक जॅकवर उचलायचं, एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाक पुढे-मागे फिरवून बघायचं. खट् वाजलं की दाते झिजलेत. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर तेही थोड्याच दिवसांत झिजतं. बदलायचं तर दोन्ही. आणि ग्रीस? हो, लावायचंच, नाहीतर चाक हबला गंजून चिकटतं.

[दृश्य : कॅमेरा जमिनीलगत. दाराखालचा पट्टा. एक हात चुंबक फिरवतो. चुंबक चिकटतं, चिकटतं, गळून पडतं.]

चुंबक जिथे गळलं तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. रोडस्टरला पक्कं छप्परही नाही, म्हणजे गाडी मधोमध वाकू नये ही जबाबदारी दारांखालच्या दोन पेट्यांवर. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांमध्ये उभा पडदा, आणि खाली गडाच्या तटासारखी घडी पडलेली पट्टी, तिला इथे कॅसल रेल म्हणतात. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डच्या तळाशी साचतो, ओला राहतो आणि गंज तिथून सिलमध्ये उतरतो. इंग्लंडात थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, मग तर विचारूच नका. कोकण किनाऱ्यावर ज्यांनी गाडी ठेवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य : दाराची फट. वर बोट जाईना, खाली दोन बोटं जातात.]

ही फट पुरावा आहे. वर आवळलेली आणि खाली रुंद, म्हणजे बॉडी मधून बसलीय.

बदलण्याचं काम असं. सिल दोन्ही टोकांना मडगार्डांच्या आत जाते. पुढचा मडगार्ड बोल्टवर असतो, तो उतरवायचा. मागचा बॉडीला जोडलेला, त्याचा खालचा भाग कापायचा. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी दांडी टाचून घ्यायची. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा आधी नुसता अडकवायचा, दार लावून फट बघायची, मग वेल्डिंग. दांडी न लावता दोन्ही बाजू कापल्या तर बॉडी बसते आणि ती दारं पुन्हा नीट लागत नाहीत. यातलं काहीही न करता दिसणारा मधला तुकडा बदलून वर रंग मारलेल्या गाड्या विकायला असतात. चकाकतात छान. अपघातात त्या पेटीचा काही उपयोग होत नाही.

ज्यांची बॉडी या सगळ्याच्या पलीकडे गेली, त्यांच्यासाठी १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवरून अख्खी नवी बॉडी काढते.

[दृश्य : सुट्या भागांच्या टेबलांची रांग. काळे, चिकट, सुंदर भाग. पुठ्ठ्याच्या खोक्यात रोटर.]

टेबलावर जुनं आणि नवं शेजारी आहे. नवं म्हणून चांगलं, असं समजू नका. हा प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर. मध्यंतरी बनलेल्या पुष्कळ रोटरमधली रिव्हेट आतल्या शाफ्टच्या फार जवळ येते. ठिणगी प्लगला जाण्याऐवजी तिथून शाफ्टमध्ये उतरते आणि गाडी भर रस्त्यात, पूर्वसूचना न देता, बंद पडते. कंडेन्सरचं तेच. जुना, चालणारा भाग फेकायचा नाही, डिकीत ठेवायचा. त्याच्याबरोबर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा एक संच, पंख्याचा पट्टा, प्लग, थोडी वायर. पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, नंतरच्या गाड्यांत ऋण. पुष्कळ गाड्यांत सीटमागच्या झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. टोकं न बघता घाईनं तारा उलट्या जोडल्या की रेडिओ गेलाच. दिवे मंद झाले तर बल्बच्या आधी अर्थिंगचे सांधे घासून बघा.

[दृश्य : पेट्रोलची जुनी नळी. वाकवताच भेगा दिसतात.]

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं, आपल्याकडे ते २० टक्क्यांवर गेलं. जुन्या रबराला ते सोसत नाही, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्याच लागतात. ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. म्हणजे सिल, हब, ब्रेक बघणारा परका डोळा आता या मैदानावरच भेटतो. या गाड्यांचा धूरही आहे, तो नाकारून चालणार नाही.

[दृश्य : ट्रेलरवरून उतरवलेली एक निष्कलंक गाडी. दोरीआड. पलीकडे चिखल उडालेली दुसरी गाडी, भोवती माणसं.]

ट्रेलरवर आलेल्या गाडीला बक्षीस मिळतं. पण न चालवलेल्या गाडीचे ब्रेक सिलिंडर चिकटतात, रबरी सील वाळतात, टाकीत गंज धरतो. चालवून आणलेली गाडी इथे मान मिळवते, आणि तो तिला मिळालाच पाहिजे.

[दृश्य : बारा-तेरा वर्षांची मुलगी रबरी नळी कानाला लावते. शेजारचे आजोबा थांबून राहतात. निवेदन नाही. दृश्य लांबवावं.]

[दृश्य : दुपार उतरलेली. बॉनेटं बंद होतात. फाटकाशी रांग.]

ज्यांनी आज चाक उतरवून बसवलं, त्यांना एक काम उरलंय. तीसेक मैल गेल्यावर गाडी कडेला घ्यायची, डिकीतून तांब्याचा हातोडा काढायचा आणि चारही नटांवर पुन्हा दोन-दोन ठोके द्यायचे.

[ध्वनी : ठोके. मग किल्ली. टिक-टिक-टिक.]