दुपारी बाळाला कोण भरवतं?

श्रोतेहो, नमस्कार.

अंगणवाड्यांच्या कामानिमित्त मी मेळघाटात बरीच वर्षं फिरले. धारणी आणि चिखलदरा, अमरावती जिल्ह्यातले हे दोन तालुके. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंवरून ओरड झाली, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात पेपरात तीच बातमी.

पावसाळ्यातच का? जुलै-ऑगस्टात घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं. पाणी गढूळ होतं, हगवण आणि न्यूमोनिया दारात उभे असतात. आणि नेमकी तेव्हाच शेतात निंदणी जोरात असते. बाळाची आई सकाळी जाते ती दिवेलागणीलाच परत येते.

आता एखाद्या दहा महिन्यांच्या बाळाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सहा महिन्यांपर्यंत त्याला अंगावरचं दूध पुरलं. आता वरचं अन्न हवं. पण पोट एवढंसं, एका वेळी मावणार किती? म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, हाताने भरवावं लागतं. आई तर शेतात. जवळ असते सात वर्षांची बहीण. ती बिचारी वरणाचं पाणी पाजते, रडलं तर बिस्किट हातात देते. पाण्याने पोट भरतं, बाळ झोपतं, आणि घरच्यांना वाटतं, जेवलं.

बैठकीत आम्ही सांगायचो, "आहारवाटप शंभर टक्के." ते खरंही असायचं. पाकीट घरी पोहोचायचं. घरात पाच तोंडं असली की ते पाचांत वाटलं जाणारच, त्यात आईची लबाडी नसते. पण बाळाला भरवलं कोणी, याचा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. मीही तो कधी मागितला नाही, हे कबूल करते.

आणि हे एकट्या मेळघाटाचं नाही बरं का. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३५.

ओळखायचं कसं? अंगणवाडीताईकडे दंड मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा. पण पट्टीही फसते. एका आजीने मला कौतुकाने नातू दाखवला, "बघा कसं बाळसं धरलंय!" मी पावलं अंगठ्याने दाबली, तर दोन्हीकडे खळगे तसेच राहिले. ती कुपोषणाची सूज होती. असे खळगे दिसले तर पट्टी काही सांगो, बाळाला दवाखान्यात न्या. पोट फुगलं की तापल्या विळ्याने डागायचं, त्याला तिकडे 'डंबा' म्हणतात. ते करू नका, हे आम्ही सांगत राहिलोच. पण दवाखाना घाटापलीकडे आणि भुमका, म्हणजे गावचा वैदू, शेजारी असेल तर माणूस आधी कुणाकडे जाईल?

मला मात्र पुन्हा त्या दुपारकडेच यायचं आहे. रोजगार हमीच्या कामावर बायकांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर ती सांभाळायला एका बाईला मजुरीवर ठेवावं, असा नियमच आहे. विचारा आपल्या ग्रामसेवकाला. पण शेतमालकाच्या बांधावर असा नियम नाही.

एका पाड्यावर बायकांनीच तोड काढली होती. निंदणीच्या दिवसांत आठ पोरं एका म्हातारीच्या ओसरीवर. प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ, डाळ आणि थोडं तेल. प्रत्येकीच्या रोजीतले चार पैसे म्हातारीला. ती खिचडी अशी घट्ट करायची की चमच्यावरून ओघळू नये, आणि वरून तेल. चहाच्या चमचाभर तेलात सुमारे ४५ उष्मांक असतात. म्हातारीला हे आकडे ठाऊक नव्हते, पण तेल विसरायची नाही. संध्याकाळी आया आल्या की पोराला उचलायच्या आधी विचारायच्या, "आज किती घास खाल्ले?" आणि म्हातारी बोटं मोजून एकेकीला सांगायची.