टेप, वही आणि बावीस विहिरी

(पहाट. माण तालुक्यातलं गाव. विहिरीच्या कठड्यावर वाकलेली तरुणी.)

टेपच्या टोकाला वजन बांधलंय. ते पाण्याला टेकलं की हाताला टेप हलकी लागते. तेवढ्यात आकडा धरायचा. २९ फूट ४ इंच. तारीख, विहिरीचा नंबर, आकडा वहीत गेला. अजून एकवीस विहिरी बाकी आहेत.

गेल्या जूनमध्ये ती गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायला फेलोशिपवर इथं आली, तेव्हा गावातल्या तात्यांनी विचारलं होतं, “पोरी, मोजून पाणी वाढतंय व्हय?”

सातारा जिल्हा एकच. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इकडे महादेवाच्या डोंगराआड साडेचारशे-पाचशे पडला तरी साल बरं म्हणायचं. पण हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. साडेचारशेचे झाले ४५ लाख. त्यातलं बरंचसं ओढ्यानं वाहून जातं, उन्हानं उडून जातं. उरलेलं मुरुमात आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या फटींत शिरतं. विहिरीत दिसतं ते हेच.

फेलोशिप काय देते? दरमहा मानधन, अडलं तर विचारायला एक जाणकार, आणि गावात राहायची मुभा. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. आमचं तर म्हणणं आहे, एक वर्ष अपुरं आहे. भरल्या सालाची विहीर पाहून दुष्काळातली विहीर कळत नाही. किमान दोन पावसाळे हवेत.

(एसटीची खिडकी. येरळा नदीचं पात्र.)

एका रविवारी ती एसटीनं सांगली जिल्ह्यातल्या बलवडीला जाऊन आली. तिथं १९८०च्या दशकात गावकऱ्यांनी वाळू विकून, श्रमदान करून येरळेवर बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला. पुढं १९९३ला आटपाडीत पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर या चळवळीतल्या नेत्यांसोबत माणसं पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी उभी राहिली. परतताना तिनं वहीत एकच ओळ लिहिली : ‘वाटा कुणाकुणाचा, हे आधी विचारायचं.’

ऑक्टोबरमध्ये रब्बीच्या तोंडावर ग्रामसभा झाली. फळ्यावर पाण्याचा ताळेबंद मांडलेला होता. पाऊस इतका, पाणी चढलं इतकं, कांद्याला लागेल इतकं, ज्वारीला इतकं. एक रकाना मात्र मोकळा होता : बोअर. किती आहेत, किती खोल आहेत, कुणी सांगत नव्हतं. ज्यानं त्यानं आपली बोअर पोटात ठेवलेली.

सभा गप्प. कुणीतरी चहा सांगितला.

मागून तात्या उठले. “माझ्या लिहून घे. दोन हायेत. एक साडेतीनशे फूट. दुसरी पाचशेला गेली, धुरळाच निघाला. घरात पण सांगितलं न्हवतं.”

तिनं खडू उचलला. तिचं लिहून व्हायच्या आत दारापाशी बसलेला माणूस म्हणाला, “माझी एक घे, ताई.”