नकाशावरचा बाण आणि इतिहासातलं 'बहुधा'

(स्क्रीनवर: जमैका बेटाचा नकाशा. कोपऱ्यात तारीख, 7 एप्रिल 1760.)

नमस्कार. हा नकाशा जरा नीट बघा.

कॅरिबियन समुद्रातलं जमैका बेट. 1760 साली इंग्रजांची मोठी कमाई होती इथल्या साखरेवर, आणि ती साखर पिकवत होते आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले गुलाम. बेटावरच्या दर दहा माणसांमागे साधारण नऊ गुलाम. 7 एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी रात्री, बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेंट मेरी परगण्यात त्यातल्या काहींनी पोर्ट मारियाचा छोटा किल्ला मारला. बंदुका घेतल्या, दारूगोळा घेतला आणि रातोरात मळ्यांमागून मळे गाठत सुटले. म्होरक्याचं नाव टॅकी. आठवड्याभरातच तो मारला गेला.

अडीचशे वर्षं ही हकीकत साधारण अशीच सांगितली गेली. बंड झालं, मोडलं, म्होरक्या पडला, मग इकडेतिकडे थोडी धुसफूस. असं का? कारण ती लिहिली कुणी ते बघा. एडवर्ड लाँग. हा स्वतः मळेवाला. 1774 साली त्यानं जमैकाचा इतिहास तीन खंडांत छापला. दुसरा मोठा साक्षीदार थॉमस थिसलवुड, मळ्यावरचा मुकादम. गुलामांवर, विशेषतः बायकांवर, आपण काय अत्याचार केले हे त्यानं रोजनिशीत पिकांच्या नोंदींसारखं लिहून ठेवलंय. बंड करणाऱ्यांपैकी कुणीही स्वतःच्या हातानं लिहिलेलं आपल्यापर्यंत आलेलं नाही. म्हणजे जी माणसं लढली, त्यांचा हेतू काय होता हे आपण त्यांच्या शत्रूच्या कागदांतून वाचतोय.

आता 2012 मध्ये या. हार्वर्डचे इतिहासकार व्हिन्सेंट ब्राउन यांनी काय केलं? याच शत्रूच्या कागदांतून, म्हणजे रोजनिश्या, पत्रं, आरमाराच्या नोंदी यांतून, प्रत्येक चकमकीची जागा आणि तारीख वेचून काढली आणि ती वेबवरच्या एका चालत्या नकाशावर मांडली. डोंगर, दऱ्या, मळे, लष्करी ठाणी सगळं त्यात आहे. खालची तारीख पुढे सरकते तशा दोन्ही बाजूंच्या हालचाली सरकतात. घटनेवर बोट ठेवलं की ती ज्या कागदातून घेतली तो मजकूर समोर येतो.

(स्क्रीनवर: तारीख सरकते, 25 मे 1760. बेटाचं पश्चिम टोक.)

25 मे. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, वेस्टमोरलंड परगण्यात, पहिल्यापेक्षा मोठा उठाव. त्याचा एक पुढारी अपोंगो. इंग्रजांनी त्याचं नाव 'वेजर' ठेवलं होतं, कारण त्या नावाच्या इंग्रजी युद्धनौकेवर तो गुलाम म्हणून राबला होता. या लोकांनी डोंगरात लाकडांची भक्कम आडबंदी उभारली. 29 मे रोजी चालून आलेल्या स्थानिक फौजेला त्यांनी पळवून लावलं. इंग्रजांना ती जागा घ्यायला 2 जून उजाडला. पुढेही लढाई थांबली नाही. लहान तुकड्या रानाच्या आधारानं 1761 पर्यंत झुंजत राहिल्या.

कागदावर वाचताना हे तुकडेतुकडे वाटतं. इथे पाच मेले, तिथे मळा जाळला. नकाशावर तेच तुकडे एका रेषेत येतात, आणि दिसतं की ही माणसं वाट फुटेल तिकडे पळत नव्हती. ती उंच जागा धरत होती, मळ्यांची वस्ती आणि किनारा यांच्यातल्या वाटा धरत होती, फौज कमी असेल तिथे घाव घालत होती. यातले कित्येक जण आजच्या घानाच्या भागातले, तिथल्या लढायांतून गेलेले. त्यांना लढाई नवी नव्हती. ब्राउन यांनी नकाशावरून निष्कर्ष काढला तो हाच: हा अविचारी दंगा नव्हता, विचारपूर्वक लढलेलं युद्ध होतं. 2020 मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, त्यातही शब्द युद्ध असाच आहे.

या बंडात साठेक गोरे मेले. पाचशेच्या वर काळी माणसं लढताना पडली किंवा हाल करून मारली गेली, आणि जवळजवळ तितक्याच जणांना बेटाबाहेर पाठवून दिलं गेलं. हे आकडे आधीही ठाऊक होते. नवा कागद जवळजवळ सापडलाच नव्हता. बदलला तो प्रश्न. लाँगला विचारायचं होतं, बंड कुणी केलं आणि त्यांना शिक्षा काय झाली. नकाशा काढायला बसलेल्या माणसाला दर पावलाला विचारावं लागतं, इथून ते कुठे गेले, आणि तिकडेच का गेले? शत्रूनं लिहिलेल्या कागदातही या प्रश्नाचं उत्तर असतं, कारण पाठलाग करणारा माणूस पाठलाग कुठे केला ते लिहितोच.

डिजिटल माध्यमांनी इतिहासकाराला वेग दिला, हे आपण नेहमी ऐकतो. मला त्यात फारसं हाशील वाटत नाही. माध्यम बदललं की इतिहासकाराचा प्रश्न बदलतो, आणि प्रश्न बदलला की गोष्टीतला नायक बदलतो. माझं म्हणणं एवढंच आहे. पण हे दोन्ही बाजूंनी कापतं.

लंडनचं उदाहरण घ्या. तिथल्या ओल्ड बेली कोर्टातल्या 1674 ते 1913 या काळातल्या जवळपास दोन लाख खटल्यांचे छापील वृत्तान्त आज कुणालाही शोधता येतात. हे काम 2003 पासून लोकांसमोर येऊ लागलं. जुना मजकूर दोन वेगवेगळ्या लोकांकडून टाइप करून घेतला, मग दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. म्हणून तिथला शोध विश्वासाचा. टिम हिचकॉक आणि रॉबर्ट शूमेकर हे त्यामागचे इतिहासकार. रुमाल चोरलेला पोरगा, मालकिणीची चादर गहाण टाकलेली मोलकरीण अशी माणसं आता नावानिशी, एका कागदातून दुसऱ्या कागदात माग काढत, गोष्टीच्या मध्यभागी आणता येतात. पूर्वी ती कुणाच्या तरी तळटीपेत असायची. हा फायदा निखळ आहे.

आता दुसरी धार.

अठराव्या शतकातली इंग्रजी वर्तमानपत्रं टाइप करून नाही, तर यंत्राकडून वाचवून घेतली गेली. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांबट असायचा, 'एफ' सारखा. यंत्र त्याला 'एफ' समजतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या अशा एका मोठ्या संग्रहाची तपासणी झाली, तेव्हा ज्या शब्दांवर शोध घ्यायचा अशा अर्थवाही शब्दांपैकी यंत्रानं बरोबर वाचलेले निघाले 48.4 टक्के. म्हणजे शोधपेटीनं 'काही सापडलं नाही' असं सांगितलं, तर ते नसेलच असं नाही. अभ्यासक मात्र पुढे जातो, आणि त्या जागी गोष्टीत शांतता राहते.

कॅनडात तर गंमतच दिसली. इयन मिलिगन या इतिहासकारानं तिथल्या इतिहासाच्या पीएचडी प्रबंधांतले संदर्भ मोजले. 1998 मध्ये 67 प्रबंध होते आणि त्यांत 'टोरांटो स्टार' या वर्तमानपत्राचा उल्लेख 74 वेळा. 2010 मध्ये प्रबंध 69, आणि त्याच पत्राचा उल्लेख 753 वेळा. मधल्या काळात टोरांटो स्टार काही जास्त महत्त्वाचं झालं नव्हतं. त्याचे जुने अंक शोधता येऊ लागले होते, एवढंच. एवढ्या मोठ्या देशाच्या इतिहासात एका शहराचा आवाज नकळत चढला.

2016 मध्ये इतिहासकार लारा पुटनम यांनी यात आणखी एक नेमकी गोष्ट दाखवली. शोधपेटीमुळे तुम्ही कधीही न गेलेल्या गावाबद्दल, तिथली भाषा आणि माणसं न ओळखता, एक वाक्य उचलून आणू शकता. ज्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्यात त्यांना हे लगेच कळेल. एक बातमी शोधायला बसलं की शेजारी बाजारभाव दिसतात, प्लेगच्या बातम्या दिसतात, औषधाच्या जाहिराती दिसतात. बातमी कुठल्या जगात छापली गेली ते त्या शेजाऱ्यांमुळे उमगतं. शोधपेटी बातमी देते, शेजार देत नाही.

(स्क्रीनवर: मोडी पत्राचं छायाचित्र.)

आता आपल्याकडे या. जमैकात डोंगर पेटले होते त्याच महिन्यांत सदाशिवरावभाऊ फौज घेऊन उत्तरेत होते. पानिपतची लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. समजा, त्या काळची सगळी मराठी पत्रं उद्या शोधपेटीत आली. तुम्ही '1761' टाकलं. काय सापडेल? काहीच नाही. पत्रावर असेल पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. किंवा असेल सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, 1161. बरं, तुम्ही 'पराभव' टाकलं. तरीही नाही. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली असं ग्रँट डफ या ब्रिटिश लेखकानं मराठ्यांच्या 1826 च्या इंग्रजी इतिहासात दिलंय. त्यात लिहिलं होतं दोन मोती गेल्याचं, मोहरा हरवल्याचं आणि रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नसल्याचं. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, हे ज्यानं पत्र हातात घेतलं त्याला समजतं. यंत्राला तो जमाखर्च दिसतो.

आणि हे सगळं लिपी वाचता आली असं धरून. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढायचा, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचा. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा फरक नाही, विरामचिन्ह नाही. अशा पानाचा स्कॅन म्हणजे यंत्राच्या लेखी एक चित्र. यंत्राला मोडी शिकवायचं काम सुरू झालंय, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद कोट्यवधी आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यातले निवडक 45 खंडांत छापले, तो त्यातला किती लहानसा हिस्सा असेल विचार करा.

मला धास्ती आहे ती इथे. डफचं इंग्रजी पुस्तक घरबसल्या काही सेकंदांत शोधता येतं. रुमालातल्या पत्रासाठी पुण्याला जावं लागतं, मोडी यावी लागते, आठवडेच्या आठवडे बसावं लागतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो 1750 ते 1761 या काळातल्या पत्रांचा. इंग्रजांनी सांगितलेली आपली गोष्ट आपल्या कागदांवरून तपासून घ्यायची, हा त्यांचा ध्यास. गावोगाव पायपीट करून, घराघरांतली दफ्तरं धुंडाळून त्यांनी ते केलं. आज जे शोधता येतं तेवढ्यावरच आपण भागवलं, तर सव्वाशे वर्षांपूर्वी राजवाडे जिथून निघाले तिथेच आपण पुन्हा जाऊन बसू.

आता आमच्याबद्दल, म्हणजे इतिहासाचे व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल. लेखकाला वाक्यात 'बहुधा' लिहिता येतं. 'असे दिसते' लिहिता येतं. 'बखरीत असे आहे, पण पत्रात तसे नाही' हेही लिहिता येतं. नकाशावरच्या बाणाला 'बहुधा' म्हणता येत नाही. तो कुठेतरी टेकवावाच लागतो. अब्दाली ऑक्टोबर 1760 मध्ये बागपतजवळ यमुना ओलांडून आला, हा बाण ठाम काढता येतो. पण 14 जानेवारीला दुपारी कुठली तुकडी नेमकी कुठे होती, कुणी जागा कधी सोडली, हे बाण आम्ही व्हिडिओवाले तितक्याच ठाम लाल रंगात काढतो. पाहणाऱ्याला दोन्ही बाण सारखेच खरे वाटतात. बखरीतलं वाक्य आणि लढाईच्या आठवड्यातलं पत्र एकाच वजनाचं होऊन बसतं. त्यातून ज्याच्या घराण्यावर पळाल्याचा आरोप येतो, ती माणसं आजही या समाजात राहतात. म्हणून हा प्रश्न मला नुसता मांडणीचा वाटत नाही.

ब्राउन यांच्या नकाशातली शिकण्यासारखी गोष्ट हीच. हालचाल दाखवायची, पण ती कुठल्या कागदावरून घेतली हे पाहणाऱ्याला तिथल्या तिथे उघडता आलं पाहिजे. व्हिडिओत तळटीप नसते ही सबब आता चालणार नाही. पडद्यावर जागा आहे, रंग आहेत, रेषेचे प्रकार आहेत.

तर पानिपतची मालिका या चॅनलवर अशी करायची ठरवली आहे. समकालीन पत्राचा आधार असेल तिथे सलग रेषा. फक्त बखरीचा किंवा नंतरच्या कैफियतीचा, म्हणजे घराण्यानं लिहून दिलेल्या हकिकतीचा, आधार असेल तिथे तुटक रेषा. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोन्ही बाण एकाच वेळी पडद्यावर, आणि मी त्यातला एक खोडणार नाही. प्रत्येक बाणाशेजारी खंड आणि लेखांक लिहिलेला असेल, म्हणजे तुम्हाला तो काढून वाचता येईल. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी माझं वाचन तपासावं, चुकलं असेल तिथे कमेंटमध्ये लेखांकासह लिहावं, पुढच्या भागात ती दुरुस्ती नकाशावर दिसेल.

पहिला भाग मराठ्यांनी घेतलेल्या कुंजपुऱ्याच्या किल्ल्यापासून, ऑक्टोबर 1760.